नडगीचं हाड मोडलं म्हणजे गुडघा बदलावाच लागतो का?

वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"डॉक्टर, माझं वय ४७. शाळेत शिकवते. चौदा महिन्यांपूर्वी स्कूटरवरून पडले आणि डाव्या गुडघ्याच्या लगेच खाली नडगीचं हाड मोडलं. कागदावर 'टिबियल प्लॅटो फ्रॅक्चर, शॅट्झकर टाइप २' असं लिहिलंय. ऑपरेशन करून बाहेरच्या बाजूने प्लेट आणि सहा स्क्रू बसवले. हाड जुळलं, काठीही सुटली. पण गुडघा पूर्ण सरळ होत नाही. फिजिओ म्हणतात दहा अंश कमी पडतात. वाकतो साधारण ११५ अंश. जिना उतरताना दुखतं, संध्याकाळी थोडी सूज येते. मागच्या महिन्यात दुसऱ्या एका डॉक्टरांना एक्स-रे दाखवला. त्यांनी तो खिडकीकडे धरला आणि म्हणाले, 'गॅप कमी होतोय, आर्थ्रायटिस सुरू झालाय, आज ना उद्या गुडघा बदलावा लागणार.' घरी येऊन नेटवर वाचलं तर म्हणे अशा फ्रॅक्चरनंतर ही शक्यता पाचपट वाढते. तेव्हापासून चालणं कमी केलंय. गुडघा जपून वापरते, रात्री त्याच्याखाली उशी घेऊन झोपते. बदलावाच लागणार असेल तर अंगात ताकद आहे तोवर, आत्ताच बदलून टाकू का? निदान प्लेट तरी काढून घेऊ का? आणि शाळेत माझा वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे. मुख्याध्यापिका म्हणतात, तळमजल्यावरचा घ्या. घेऊ?"

ताई,

आधी आकडा देतो, कारण तो मिळाल्याशिवाय तुमचं पुढच्या मजकुरात लक्ष लागणार नाही.

कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात १९९६ ते २००९ या काळात तुमच्यासारखं ऑपरेशन झालेल्या ८,४२६ माणसांच्या नोंदी संशोधकांनी काढल्या आणि हाड न मोडलेल्या, पण वयाने वगैरे त्यांच्याच जोडीच्या जवळपास चौपट लोकांशी त्या ताडून पाहिल्या. दहा वर्षांत गुडघा बदलावा लागला तो फ्रॅक्चरवाल्यांपैकी ७.३ टक्क्यांना. बाकीच्यांपैकी १.८ टक्क्यांना. हा अभ्यास २०१४ साली छापून आला आणि तुम्ही नेटवर वाचलेली 'पाचपट' बहुधा इथूनच निघालेली आहे. सरळ भागाकार केला तर चौपट येते. वय आणि इतर आजार यांचा हिशेब धरून संशोधकांनी काढलेला आकडा पाचपटीच्या थोडा वर जातो.

पाचपट हा शब्द ऐकला की पोटात गोळा येतो, मला मान्य आहे. पण कशाच्या पाचपट, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही. मूळ शक्यता शंभरात दोनाहूनही कमी होती. ती वाढून शंभरात सात झाली. म्हणजे तुमच्यासारखी शंभर माणसं एका मोठ्या खोलीत बसवली आणि दहा वर्षांनी दार उघडलं, तर त्र्याण्णव जण आपल्याच गुडघ्यावर उठून बाहेर येतील. 'आज ना उद्या लागणार' या वाक्यात ती त्र्याण्णव माणसं कुठेच दिसत नाहीत.

आता याच आकड्याची दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मीही त्या खिडकीपाशी उभ्या डॉक्टरांसारखाच एकतर्फी ठरेन. एक म्हणजे दहा वर्षं हा काही जन्म नव्हे. तुम्ही ४७च्या आहात, पुढे तीसेक वर्षं हा गुडघा चालवायचाय आणि वय वाढेल तशी शक्यता वाढत जाते. दुसरं, गुडघा बदलला नाही याचा अर्थ गुडघा दुखत नाही असा होत नाही. त्या त्र्याण्णवांत काही जण दुखणं सोसत असतील, काहींनी ऑपरेशनच्या भीतीने टाळाटाळ केली असेल. नोंदवहीत फक्त ऑपरेशनं मोजली जातात, कळा मोजल्या जात नाहीत. तिसरं, सरासरी ही कोणा एकाची नसते. तुमची शक्यता सातापेक्षा कमी की जास्त, हे ठरवणाऱ्या काही ठरावीक गोष्टी आहेत, आणि त्यातल्या बऱ्याचशा तुमच्या कागदपत्रांतच लिहिलेल्या असतील.

त्याआधी इतर वाचकांसाठी एक खुलासा, कारण 'नडगी मोडली' म्हणून पत्रं बरीच येतात आणि त्या सगळ्यांची भीती सारखीच असते. नडगीचं हाड मधोमध मोडलं, आत रॉड टाकला किंवा प्लास्टर घातलं, तर सांध्याला थेट धक्का बसलेला नसतो. हाड वाकडं जुळलं असेल तर गोष्ट वेगळी, पण सरळ जुळलं असेल तर गुडघा बदलण्याची चिंता करत बसू नका. तुमचं, ताई, तसं नाही. नडगीचं हाड वर जाऊन रुंद होतं, त्याचा माथा सपाट पठारासारखा असतो, म्हणून प्लॅटो. मांडीचं हाड त्या पठारावर टेकतं. म्हणजे तुमचं मोडलं ते सांध्याच्या आतच. शॅट्झकर नावाच्या सर्जनने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली या फ्रॅक्चरचे सहा प्रकार पाडले, ते आजही वापरात आहेत. तुमचा दुसरा: बाहेरच्या बाजूचा एक तुकडा उभा चिरला जातो आणि शेजारचा पृष्ठभाग खाली दबतो. ओल्या मातीत अंगठा दाबल्यावर खळगा पडतो ना, तसा. ऑपरेशनमध्ये तो दबलेला भाग खालून हलकेच वर उचलतात, खाली पडलेल्या पोकळीत बहुतेक वेळा हाडाचा चुरा किंवा त्याच्यासारखा पर्याय भरतात आणि पृष्ठभागाच्या लगेच खाली आडवे स्क्रू घालतात. छताखाली वासे घालावेत तसे. तुमच्या सहापैकी वरचे स्क्रू बहुधा तेच काम करताहेत.

सर्जनला उचलता येत नाही अशी एकच गोष्ट: पृष्ठभागावरची कूर्चा. ती गुळगुळीत, पांढरी असते आणि तिला रक्तवाहिनी नाही, मज्जातंतू नाही. पडण्याच्या क्षणी जो आघात बसतो त्यातच तिच्यातल्या काही पेशी मरतात, आणि मेलेल्या कूर्चेच्या जागी तशीच नवी कूर्चा पुन्हा येत नाही. म्हणून उत्तम ऑपरेशन होऊनही काही जणांचा सांधा पुढे झिजतो. यात तुमची चूक नाही, सर्जनचीही नाही. स्कूटर घसरली तेव्हाच त्यातलं बरंचसं ठरून गेलं.

उरलेलं मात्र ठरायचं असतं. ऑन्टॅरिओच्या अभ्यासात शक्यता वाढवणाऱ्या तीन गोष्टी ठळक निघाल्या: जास्त वय, पठाराच्या दोन्ही बाजू मोडलेल्या असणं, आणि अंगात इतर मोठे आजार असणं. तुमची एकच बाजू मोडली, तीही बाहेरची. गुडघ्यावरचा जास्त भार आतल्या बाजूने जातो आणि बाहेरच्या बाजूला पठाराचा बराच भाग मेनिस्कसने झाकलेला असतो. त्यामुळे बाहेरची बाजू थोडीफार उंचसखल राहिली तरी गुडघा ते सहन करतो. हे तुमच्या बाजूचं.

मेनिस्कस म्हणजे रुग्ण ज्याला 'गादी' म्हणतात ती. हाड मोडताना ती अनेकदा फाटते. एका जुन्या, १९९५ सालच्या अभ्यासात प्लॅटो फ्रॅक्चरनंतर ज्यांची गादी काढून टाकली होती, त्यांच्यातल्या ७४ टक्क्यांच्या गुडघ्यात पुढे झीज दिसली. ज्यांची शाबूत होती किंवा शिवली होती त्यांच्यात ३७ टक्के. बरोब्बर निम्मे. म्हणून तुमच्या ऑपरेशनचा तपशील मागून घ्या. डिस्चार्ज कार्ड नव्हे, ऑपरेशनची नोंद. त्यात गादीचं काय केलं ते लिहिलेलं असतं. 'शिवली' किंवा 'शाबूत' असं दिसलं तर निम्मी काळजी तिथेच सोडा.

आणि पायाचा आस. हे सगळ्यात कमी विचारलं जातं आणि, मला विचाराल तर, सगळ्यात जास्त महत्त्वाचं आहे. खुब्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत रेघ ओढली तर ती गुडघ्याच्या साधारण मधून जायला हवी. ती एका बाजूला सरकली की सगळा भार त्याच बाजूला पडतो, आणि कूर्चा कितीही चांगली असली तरी तिथे झिजते. नेदरलँड्समधल्या सर्जननी ५ ते २७ वर्षांपूर्वी ऑपरेशन झालेले रुग्ण पुन्हा बोलावून तपासले होते. पायाचा आस पाच अंशांहून जास्त बिघडलेल्यांमध्ये मध्यम ते तीव्र झीज २७ टक्क्यांना, आस नीट असलेल्यांमध्ये ९ टक्क्यांना. आता घरात आरशासमोर उभ्या राहा, दोन्ही पायांवर सारखा भार द्या आणि बघा: डावा गुडघा उजव्यापेक्षा आत झुकलेला दिसतो का? दिसत नसेल तर चांगलंच. पण डोळ्यावर विसंबू नका. पुढच्या भेटीत दोन्ही पायांचा, उभं राहून, खुब्यापासून घोट्यापर्यंतचा लांब एक्स-रे मागा.

'उभं राहून' हे मुद्दाम लिहिलं. तुम्ही दाखवलेला एक्स-रे उभ्याने काढला होता की टेबलावर झोपवून? पत्रात ते नाही, आणि तिथेच मला शंका आहे. 'गॅप कमी झालाय' हे आमच्या ओपीडीतलं पेटंट वाक्य. रुग्णाला वाटतं, दोन हाडांमध्ये खरंच मोकळी फट असते आणि ती बुजत चाललीय. फट वगैरे काही नसते. तिथे कूर्चा आणि गादी असते, ती एक्स-रेत दिसत नाही, म्हणून जागा मोकळी वाटते. ही जागा उभं राहून, भार देऊन काढलेल्या चित्रातच खरी कळते. त्यातही गुडघा दहा अंश वाकलेला असेल आणि यंत्र थोडं तिरकं लागलं असेल तर ती उगाच कमी-जास्त दिसते. तुमचा गुडघा सरळ होतच नाही, म्हणजे चित्र तिरकं येण्याची सोय आधीच झालेली. आणि तुलना कशाशी केली? ऑपरेशननंतर लगेच काढलेल्या चित्राशी, की उजव्या गुडघ्याशी? खिडकीकडे एकच फिल्म धरून 'कमी होतोय' म्हणता येत नाही. 'होतोय' म्हणायला दोन चित्रं लागतात.

समजा, खरंच आर्थ्रायटिस सुरू झालाय. शक्य आहे, अशक्य मुळीच नाही. त्याच नेदरलँड्सच्या रुग्णांत ३१ टक्क्यांच्या एक्स-रेत तो दिसला, आणि त्यातले जवळजवळ दोन-तृतीयांश लोक तो गुडघा घेऊन व्यवस्थित वावरत होते. मी स्वतः असे गुडघे पाहिलेत की चित्र बघून हात कपाळाला जावा आणि माणूस रोज सकाळी तासभर फिरून येत असावा. उलटंही पाहिलंय. गुडघा बदलायचा निर्णय दुखण्यावरून घेतात; चित्र फक्त त्या दुखण्याला साक्ष द्यायला असतं.

म्हणून तुमच्या दुखण्याकडे वळतो. खरं सांगायचं तर पत्रातली मला सर्वांत खटकलेली गोष्ट आर्थ्रायटिस नाही, ती उशी आहे.

दुखऱ्या गुडघ्याखाली उशी घेतली की बरं वाटतं, कारण किंचित वाकलेल्या स्थितीत सांध्याच्या आत सगळ्यांत जास्त जागा असते, ताण कमी होतो. पण रोज सात-आठ तास गुडघा तसाच ठेवला की मागचं आवरण आणि मांडीच्या मागचे स्नायू आखडतात. सकाळी तुम्ही फिजिओकडे पंधरा मिनिटं ताण देऊन जे मिळवता ते रात्री उशी परत घेते. तुमचे ते दहा अंश बहुधा तिथेच अडकलेत.

दहा अंश म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. आत्ता करून बघा. ओट्याला किंवा टेबलाला हात लावून उभ्या राहा आणि दोन्ही गुडघे जरासे, बघणाऱ्याच्या लक्षात येणार नाही इतके, वाकवा. तसंच दोन मिनिटं राहा. मांड्या भरून येतील, वाटीच्या पुढच्या बाजूला दाब जाणवेल. सरळ गुडघ्यावर उभं राहताना मांडीच्या स्नायूला जवळजवळ सुट्टी असते. वाकलेल्यावर ती मिळत नाही. तुमचा डावा पाय सकाळपासून दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात फळ्यासमोर असाच उभा असतो. संध्याकाळी सूज येण्यामागे आर्थ्रायटिसच असला पाहिजे असं नाही, हे एवढं कारणही पुरतं.

दुसरी तपासणी, शिंप्याची टेप घेऊन. पलंगावर पाय लांब करून बसा. वाटीच्या वरच्या कडेपासून वर १५ सेंटिमीटरवर पेनाने खूण करा, दोन्ही मांड्यांवर. तिथला घेर मोजा. डावी मांडी दीड-दोन सेंटिमीटरने बारीक निघाली तर जिना उतरताना का दुखतं याचं मोठं कारण तुमच्या हातात आलं. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांब होत होत शरीराचा भार सावरतो. मोटारीच्या ब्रेकसारखा. ब्रेक कमजोर असला की धक्का थेट सांध्यावर. आणि हा स्नायू न वापरल्याने जितक्या लवकर आटतो तितका शरीरातला क्वचितच दुसरा कुठला आटत असेल. तुम्ही महिनाभर चालणं कमी केलंत, 'जपून' वापरलंत. गुडघा जपण्याचा हा मार्ग नाही. उलट, त्या सात जणांच्या रांगेकडे सरकायचा आहे.

तर आजपासून उशी बंद. पहिले चार-पाच दिवस झोप नीट लागणार नाही, तेवढं सोसा. फार कळ लागली तर कुशीवर वळा आणि दोन पायांच्या मध्ये उशी घ्या, ती चालते. दिवसा खुर्चीत बसून समोरच्या खुर्चीवर टाच टेकवा, टाचेखाली टॉवेलची गुंडाळी, गुडघ्याखाली काहीही नाही. गुडघा आपल्या वजनाने खाली लोंबकळू दे. दहा मिनिटं. मागच्या बाजूला ओढ बसेल, ती हवीच आहे. अशी तीन-चार आवर्तनं दिवसात. मध्येमध्ये मांडी आवळून गुडघा खाली दाबायचा, पाच-सहा सेकंद धरायचा, सोडायचा. वह्या तपासताना हे सहज होतं, वेगळा वेळ काढावा लागत नाही.

मांडीसाठी स्थिर सायकल तुम्हाला जमेल, कारण पूर्ण पेडल फिरवायला गुडघा साधारण ११० अंश वाकावा लागतो आणि तुमचा वाकतो. सीट उंच, भार हलका, दहा मिनिटांपासून सुरुवात. चालणं पुन्हा सुरू करा, सपाट जमिनीवर. किती करायचं याचा मी वर्षानुवर्षं सांगत आलेला नियम असा: व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी कालच्यापेक्षा जास्त सूज किंवा जास्त दुखणं असेल तर आदल्या दिवशीचं निम्मं करा. बंद करू नका, निम्मं करा. लांब चालताना काठी घ्यायची लाज वाटू देऊ नका, मात्र ती उजव्या हातात. डाव्या पायासाठी डाव्या हातात काठी धरून चालणारी माणसं मी इतकी पाहिलीत की हल्ली न विचारताच सांगतो.

सहा ते आठ आठवडे हे प्रामाणिकपणे करूनही ते दहा अंश हललेच नाहीत, तर सर्जनना स्पष्ट सांगा. चौदा महिन्यांनंतर आखडलेला गुडघा कधी कधी व्यायामाला दाद देत नाही. सांध्याच्या पुढच्या भागात चिवट वण तयार होऊन तो पाचरीसारखा अडकतो, तेव्हा दुर्बिणीतून तो सोडवावा लागतो. तेही गुडघा बदलण्याच्या मानाने फार छोटं काम आहे.

वजनाबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, म्हणून एवढंच: जास्त असेल तर एक किलो उतरवल्यावर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो. 'वंगणाचं इंजेक्शन' कोणी सुचवलं तर जाणून घ्या की त्याने कूर्चा परत येत नाही. थोडे दिवस बरं वाटलं तर वाटलं.

आता 'आत्ताच बदलून टाकू का?' नाही. इतक्या स्पष्टपणे मी सहसा लिहीत नाही, पण इथे लिहितो.

गुडघा बदलणं म्हणजे काय ते आधी बघा, कारण लोक 'वाटी बदलली' म्हणतात आणि वाटतं पुढची वाटी काढून दुसरी बसवली. वाटी बहुतेकदा तिथेच असते. मांडीच्या हाडाचं टोक आणि नडगीचा माथा तासून त्यावर धातूचे भाग बसवतात, मध्ये प्लॅस्टिक. नडगीत बसणाऱ्या भागाला खाली एक खुंटी असते, ती हाडात आत जाते. नेमकं तिथेच तुमचे स्क्रू आडवे गेलेत. म्हणजे आधी प्लेट-स्क्रू काढणं आलं, कधी कधी वेगळं ऑपरेशन करून. जुन्या वणातून पुन्हा जायचं, आखडलेला सांधा सोडवायचा, दबलेल्या जागी हाड कमी असेल तर ते भरून काढायचं. फ्रॅक्चरनंतरच्या सांधेबदलात जंतुसंसर्गाचा धोकाही साध्या सांधेबदलापेक्षा जास्त असतो.

टिकण्याचं म्हणाल तर चांगलं टिकतात. जगभरच्या नोंदी एकत्र करून २०१९ साली काढलेला हिशेब सांगतो की संपूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के २५ वर्षं टिकतात. पण कोणत्या वयात बदलला याने फार फरक पडतो. ब्रिटनमधल्या २०१७ सालच्या अभ्यासात सत्तरीनंतर बदललेल्यांपैकी आयुष्यात पुन्हा ऑपरेशन लागण्याची शक्यता सुमारे ५ टक्के किंवा त्याहून कमी होती, तर पन्नाशीच्या सुरुवातीला बदललेल्या पुरुषांत ती जवळपास ३५ टक्के निघाली. बायकांमध्ये त्याहून कमी, तरी म्हाताऱ्यांपेक्षा जास्तच. आणि हे बहुतांशी नेहमीच्या झिजेच्या गुडघ्यांचे आकडे आहेत, मोडून जुळलेल्या नव्हेत. शिवाय साध्या सांधेबदलानंतरही साधारण पाचातला एक जण 'मला वाटलं होतं तसं झालं नाही' म्हणतो. ज्याला आधी रात्री झोप येत नव्हती तो खूश होतो. ज्याला फक्त जिना उतरताना दुखत होतं तो त्या पाचव्यात जाण्याची भीती जास्त. तुम्ही आज त्या दुसऱ्या गटात आहात.

वेळ केव्हा येते? सपाट रस्त्यावर दहा-पंधरा मिनिटंही चालवत नाही, बसल्याजागी आणि रात्री दुखून झोपमोड होते, गोळ्या-व्यायाम-काठी सगळं मनापासून करून झालंय, आणि चित्रही तेच सांगतंय. या सगळ्या गोष्टी एकत्र आल्या की. तेव्हा मी स्वतःच म्हणेन, चला, करून टाकू. आणि त्याच्या आधी, पायाचा आस बिघडलेला असेल आणि झीज एकाच बाजूला असेल, तर हाड कापून आस सरळ करण्याचं ऑपरेशनही असतं. तुमच्या वयाला ते जास्त शोभतं. म्हणूनच तो लांब एक्स-रे मागायला सांगितला.

प्लेटचं थोडक्यात. केवळ आहे म्हणून काढायची नसते. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला बोटाने चाचपून बघा. नेमक्या एका बोटाच्या जागी, प्लेटच्या कडेवर, दाबल्यावर तेच ओळखीचं दुखणं होत असेल आणि त्या कुशीवर झोपवत नसेल, तर काढून फायदा होतो. हाड पूर्ण जुळल्याची खात्री करून, बहुधा दीड वर्षानंतर. दुखणं सांध्यात खोल, सगळीकडे असेल तर प्लेट काढल्याने ते जाणार नाही. आणि काढल्यावर स्क्रूची भोकं भरेपर्यंत काही आठवडे हाड पुन्हा जपावं लागतं, हे कुणी आधी सांगत नाही.

एका बाबतीत मात्र थांबायचं नाही. गुडघा लाल, गरम झाला, ताप आला, वणातून पाणी येऊ लागलं किंवा विश्रांतीतही ठणका वाढत गेला, तर वाट न बघता ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनाच दाखवा. प्लेटभोवतीचा संसर्ग उशिराही डोकं वर काढतो. पोटरी अचानक सुजून दुखायला लागली तर त्याच दिवशी जा.

राहिला वर्गाचा प्रश्न. दोन मजले दिवसातून एक-दोनदा चढल्याने गुडघा झिजून जात नाही, पण मधल्या सुट्टीत, ऑफ तासाला, हजेरीपत्रकासाठी करत ते सात-आठ वेळा होतं, आणि आज तुमच्या मांडीत तेवढी ताकद नाही. तेव्हा तळमजल्यावरचा वर्ग घ्या, फक्त या सहामाहीपुरता, आणि मुख्याध्यापिकांना तसंच सांगा. त्या काळात जिना पूर्ण सोडू नका. दिवसातून एकदा, शाळा सुटल्यावर, गर्दी गेल्यावर, कठड्याला हात लावून वर जाऊन या. चढताना उजवा पाय आधी, उतरताना डावा आधी. सहामाही संपली की टेप घेऊन मांड्या पुन्हा मोजा आणि मला कळवा. वरच्या वर्गाचं तेव्हा ठरवू.